चूक कोणत्या पायरीवर झाली?

चुकांपासून मनुष्य शिकतो, असें म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. घरांतील वडील मंडळी मुलांस हेंच सांगतात, शाळेंत निबंधासाठीं हाच विषय घातला जातो, आणि कोणी ठेच खाऊन घरीं आला म्हणजे शेजारीपाजारी त्याचें समाधानही याच शब्दांनीं करतात. मला मात्र या वचनाविषयीं बरीच वर्षें शंका वाटत आलेली आहे. भंडारा जिल्ह्यांतील निरनिराळ्या गांवीं मीं छत्तीस वर्षें मुलांस गणित आणि संस्कृत शिकविलें. एवढ्या काळांत माझ्या हाताखालून गेलेल्या वह्यांत चुका किती होत्या, याची गणती करणें शक्य नाहीं. परंतु केवळ चूक केली म्हणून शिकला, असा विद्यार्थी मला क्वचितच आढळला. तीच चूक सहामाहीस, तीच वार्षिक परीक्षेस, आणि तीच पुढल्या इयत्तेंत, असाच सामान्य क्रम. चूक हीच जर गुरु असती, तर आमच्या शाळांत पंडितांची दाटी झाली असती.

उत्तर चुकलें असें कळतांच मुलें काय करतात, हें ज्यांनीं घरीं मुलांस शिकविलें असेल त्यांस ठाऊकच आहे. खोडरबर घेऊन सबंध उदाहरण पुसून टाकतात, कागद फाटेपर्यंत पुसतात, आणि मग त्याच जागीं पुन्हां पहिल्यापासून मांडणी सुरू करतात. पुसण्यांत मनाला एक प्रकारचें सुख असतें. लाजेची खूण नाहींशी झाली म्हणजे चूकही नाहींशी झाली, असें बालबुद्धीस वाटतें. आणि प्रौढ बुद्धि या बाबतींत बालबुद्धीच्या फारशी पुढें गेलेली नसते. मीं आपल्या वर्गांत खोडरबर वापरण्यास मनाई केली होती. चुकलेलें उदाहरण तसेंच ठेवावयाचें, चूक ज्या पायरीवर झाली तिच्याखालीं रेघ ओढावयाची, आणि शेजारीं कारण लिहावयाचें, असा माझा दंडक असे. पुष्कळ पालकांस तो रुचला नाहीं. वह्या घाणेरड्या दिसतात, असें त्यांचें म्हणणें पडे, आणि तें खोटेंही नव्हतें.

मोहाडीच्या बाजूस कोशाचें कापड विणणारीं घरें आहेत. अशाच एका घरांतील मुलगी माझ्या वर्गांत होती. हुशारींत ती मध्यमच. पण रेघ ओढण्याचें काम तिला कधीं शिकवावें लागलें नाहीं. व्याजाच्या एका उदाहरणांत रेघेशेजारीं तिनें लिहिलेलें मला अजून आठवतें : “येथें महिन्यांचीं वर्षें केलीं नाहींत.” घरीं माग असल्यामुळें, कापडांत दोष दिसला म्हणजे मागें मागें जाऊन तुटलेला धागा हुडकावा लागतो, हें ती लहानपणापासून पाहत आली होती. मागावर खोडरबर चालत नाहीं. उलट त्याच वर्गांतील पहिल्या नंबरचा मुलगा चूक दाखविली कीं रडूं लागे, आणि दुसऱ्या दिवशीं सगळी वही नवी उतरवून आणी. त्या नव्या वहींतील मोत्यांसारख्या अक्षरांत जुनीच चूक पुन्हां विराजमान झालेली असे.

आपल्या पूर्वजांस या गोष्टीची जाण चांगली होती, असें संस्कृताच्या अभ्यासामुळें मला वाटतें. वेदपाठाची व्यवस्था पाहा. म्हणणारा चुकणार, हें गृहीत धरूनच ती रचलेली आहे. संहितेनंतर पदपाठ, मग क्रमपाठ, मग जटा आणि घन. क्रमांत पहिलें पद दुसऱ्याबरोबर, दुसरें तिसऱ्याबरोबर, अशा रीतीनें मधलें प्रत्येक पद दोन निरनिराळ्या सोबत्यांसह उच्चारावें लागतें. त्यामुळें एके ठिकाणीं झालेली चूक दुसऱ्या ठिकाणीं उघडी पडते. व्याकरणांतही तेंच. पाणिनीसारख्या मुनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं, तीं सूत्रांत काय सांगितलें, काय सांगावयाचें राहिलें आणि काय चुकीचें सांगितलें, या तिन्हींचा विचार करण्यासाठीं. त्यायोगें पाणिनीचा मान तिळमात्र कमी झाला नाहीं. आणि पुढें पतंजलीनें महाभाष्यांत कात्यायनाच्याही म्हणण्याची झडती घेतली. धर्मशास्त्रांतील प्रायश्चित्तविचारांत दोष बोलून दाखविणें, त्याबद्दल अनुताप होणें आणि पुन्हां असें करणार नाहीं म्हणून त्यापासून निवृत्त होणें, हीं अंगें स्पष्ट सांगितलेलीं आहेत. व्यवहारांत दानदक्षिणेचें अंग तेवढें पुष्ट झालें व निवृत्तीचें वाळलें, हा भाग निराळा.

परंतु शास्त्रांतील व्यवस्था वेगळी आणि हाडामांसाच्या माणसाचा अनुभव वेगळा. प्रौढ वयांत, चारचौघांसमक्ष, अब्रूवर बेतलेली चूक झाल्यावर मनुष्य खरोखर कसा शिकतो, याचें उदाहरण द्यावयाचें झालें, तर मी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें देईन. ते माझ्याच धंद्यांतले, हाही त्यांत थोडा पक्षपात आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें १८६६ सालीं जन्मलेला हा गृहस्थ १८८४ सालीं बी. ए. झाला आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत व नंतर फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागला. त्यांनीं तयार केलेलें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षें चाललें. म्हणजे पायरी पायरीनें हिशेब मांडणें, हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. आणि तरीही वयाच्या एकतिसाव्या वर्षीं त्यांची पायरी चुकली.

१८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां गोखले विलायतेस गेले. साक्ष उत्तम झाली. त्याच वेळीं इकडे पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें. रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत. देवघर म्हणूं नका, माजघर म्हणूं नका, कांहींच वर्ज्य नसे. लोक संतापले होते आणि त्या संतापास सबळ कारणें होतीं. पुण्यांतील स्नेह्यांचीं या संबंधाचीं पत्रें गोखल्यांस विलायतेंत पोहोंचत होतीं. २२ जून रोजीं रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ही बातमी तिकडे पोहोंचल्यावर पुण्याच्या लोकांची बाजू कोणीतरी मांडणें अवश्य होतें. गोखल्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राच्या प्रतिनिधीस मुलाखत दिली, आणि तींत, सोजिरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकीं एकीनें पुढें जीव दिला, असा भयंकर आरोप केला. आधार काय, तर घरून आलेलीं पत्रें. पत्रें लिहिणारे सभ्य व विश्वासू होते, यांत शंका नाहीं. पण त्यांनीं तरी तें स्वतः पाहिलें होतें काय? त्यांनीं ऐकलें होतें; आणि ज्यांच्यापासून ऐकलें त्यांनीं आणखी कोणापासून ऐकलें होतें.

मुंबई सरकारनें आरोपाचा साफ इन्कार केला व पुरावा मागितला. गोखले जुलैच्या अखेरीस मुंबईस उतरले तों पुण्याची हवा पार पालटलेली होती. लोकमान्य टिळकांस २७ जुलै रोजीं पकडण्यांत आलें होतें. अशा वेळीं पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड करणें म्हणजे त्यांस संकटांत लोटणें. आणि नांवें न सांगतां आरोप शाबीत करणें अशक्य. ऑगस्टच्या आरंभीं गोखल्यांनीं आपला आरोप बिनशर्त मागें घेऊन जाहीर माफी मागितली.

या माफीवरून महाराष्ट्रांत जें वादळ उठलें, त्याची कल्पना आज आपणांस यावयाची नाहीं. भित्रा, पळपुटा, देशाची मान खालीं घालावयास लावणारा, अशीं विशेषणें त्यांस लागलीं. त्या वर्षींची काँग्रेस डिसेंबरांत आपल्या वऱ्हाडांत अमरावतीस, शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं, भरली. तेव्हांही लोकांच्या मनांतील हा राग ताजाच होता. माझें स्वतःचें मत विचाराल तर माफी मागणें प्राप्तच होतें, परंतु तिची भाषा गरजेपेक्षां अधिक सैल सुटलेली होती. झडत्यांतील जुलमाची सर्वच हकीकत कांहीं खोटी नव्हती. एक विशिष्ट आरोप शाबीत होत नव्हता; तेवढाच मागें घेऊन बाकीच्या तक्रारींवर ठाम राहतां आलें असतें. असो. एकशें पंचवीसहून अधिक वर्षें लोटल्यावर आरामखुर्चींत बसून असा सल्ला देणें फार सोपें आहे.

मला या प्रकरणांत महत्त्व वाटतें तें माफीचें नव्हे. माफी हें प्रायश्चित्ताचें पहिलें अंग झालें. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या माणसानें काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. असा प्रसंग ओढवल्यावर आपल्यापैकीं बहुतेक जण दोहोंपैकीं एक मार्ग धरतात. एक म्हणजे तोंड मिटून घरीं बसावयाचें : बोललों म्हणून फसलों, आतां बोलणेंच नको. हें आमच्या खोडरबरवाल्या मुलासारखें झालें. सबंध उदाहरणच पुसलें. दुसरा मार्ग म्हणजे ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांच्यावर जन्मभर दांत ठेवावयाचा. गोखल्यांनीं यांतलें कांहींच केलें नाहीं. पुण्यांत प्लेगची साथ पुन्हां उसळली तेव्हां ते स्वयंसेवक होऊन प्लेगच्या कामांत प्रत्यक्ष शिरले. ज्या विषयावर सहा हजार मैलांवरून, दुसऱ्याच्या अक्षरावर विसंबून बोललों, तो विषय आतां स्वतःच्या पायांनीं, घराघरांत जाऊन पाहावयाचा, असा हा प्रकार मला दिसतो.

१८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत आणि थोड्याच अवधींत वरिष्ठ कायदेकौन्सिलांत गेले. २६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अंदाजपत्रकावर जें पहिलें भाषण केलें, तें गणिताच्या शिक्षकानें तर अवश्य समजून घ्यावें. अध्यक्षस्थानीं लॉर्ड कर्झन. सरकारची तिजोरी शिलकीनें भरलेली, आणि शिल्लक म्हणजे रयतेची भरभराट, असा सरकारचा अभिमान. गोखल्यांनीं दाखवून दिलें कीं, रुपयाचा भाव उतरला असतां तूट भरून काढण्यासाठीं जे कर वाढविले, तेच भाव चढल्यावरही तसेच चालू ठेवलेले आहेत. ही शिल्लक भरभराटीची नसून जास्त घेतलेल्या कराची आहे. आणि हें सिद्ध करण्यासाठीं आंकडे घेतले ते सरकारच्याच अहवालांतले. स्नेह्यांचीं पत्रें नाहींत, ऐकीव गोष्टी नाहींत. प्रतिपक्षानें स्वतःच्या सहीनें छापलेला कागद प्रतिपक्षासच नाकारतां येत नाहीं. मिठावरील कर तेव्हां मणामागें अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. याचें सगळें श्रेय एकट्या गोखल्यांस देणें बरोबर होणार नाहीं; परंतु वर्षानुवर्षें तोच हिशेब त्याच शांतपणें मांडणारा गणिती कौन्सिलांत बसलेला होता, ही गोष्ट लहान नव्हे.

येथें एक गोष्ट मुद्दाम लक्षांत घ्यावी. १८९७ नंतर गोखल्यांनीं सरकारवर टीका करण्याचें सोडलें नाहीं. उलट ती अधिक वर्मीं लागूं लागली. म्हणजे उदाहरण तेंच राहिलें, सोडविण्याचा हेतु तोच राहिला. बदलली ती एक पायरी. “बोललों हें चुकलें” असा धडा त्यांनीं घेतला असता तर देशाचें नुकसान झालें असतें. “न पाहतां बोललों हें चुकलें” असा त्यांनीं घेतला. या दोन वाक्यांत अंतर दोन शब्दांचें, पण माणसाचें पुढील सारें आयुष्य त्यांतून निराळें होतें. १९११ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें तेंही असेंच, देशोदेशींचा अनुभव गोळा करून. तें पुढल्या वर्षीं अडतीस विरुद्ध तेरा मतांनीं पडलें. बिल पडलें, पण त्यांतील माहिती कोणी खोडूं शकला म्हणून पडलें नाहीं.

१२ जून १९०५ रोजीं पुण्यास त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां नव्या सभासदास पांच वर्षें उमेदवारी ठेविली आणि तींत अभ्यास व देशांतील प्रवास घातला. १९१५ सालीं गांधी दक्षिण आफ्रिकेहून परत आले, तेव्हां त्यांच्याकडूनही गोखल्यांनीं वचन घेतलें कीं, एक वर्ष देश हिंडून पाहावा, आणि तोंपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर बोलूं नये. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १९ फेब्रुवारी रोजीं, गोखले वारले. आधीं पाहा, मग बोला, हा जो त्यांचा आग्रह, त्याचें मूळ १८९७ च्या त्या पत्रांत असावें असा माझा तर्क आहे. चूक स्वतःची, आणि तिच्यापासून मिळालेली शिकवण दुसऱ्याच्या उपयोगास, असें हें झालें. हल्लीं भ्रमणध्वनीवर घटकेघटकेस जे संदेश येतात आणि आपण जे वाचतां वाचतांच पुढें धाडतों, ते पाहिले कीं मला हटकून तीं पुण्याचीं पत्रें आठवतात.

पुण्याची गोष्ट पुण्यास ठेवून आतां आपल्या मुलुखांत येतों. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेले तलाव आणि बोड्या आमच्या गांवोगांव आहेत. धानाची शेती त्यांच्यावर उभी. १९५१ सालीं मालगुजारी गेली, ती जावयासच हवी होती, आणि तलाव सरकारच्या ताब्यांत आले. पुढें गाळ काढावयाचा कोणी, पाळ सांभाळावयाची कोणी, हें निश्चित होईना. पाण्यांत बेशरम माजली. मासळी वाढावी म्हणून रोहू, कतला, मृगळ सोडले, कांहीं ठिकाणीं गवत्याही सोडला. त्यानें पाण्यांतील वनस्पति खाऊन टाकल्या आणि गांवठी मासे उतरत गेले. मग दोष कोणाचा, यावर माझ्या आठवणींत तरी चाळीस वर्षें चर्चा चालली : कोणी सरकारास नांव ठेवी, कोणी सोसायटीस, कोणी गेलेल्या मालगुजारास. गेल्या कांहीं वर्षांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या स्त्रिया यांनीं निराळ्या वाटेनें काम केलें. अर्जुनी मोरगांवच्या बाजूस (हा तालुका १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होता) उन्हाळ्यांत आटलेल्या तलावांत उतरून, पूर्वी येथें कोणकोणत्या वनस्पति होत्या आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतींत अंडीं घालीत असे, हें जुन्या जाणत्या ढिवरांस विचारून त्यांनीं लिहून काढलें. बेशरम उपटली, तळ नांगरला, आणि त्याच वनस्पति पुन्हां लाविल्या. मासे परतूं लागले. दोष कोणाचा, हा वाद तेथें कोणी निकालांत काढला नाहीं. पायरी मात्र सांपडली.

सरकारचें आणि गांवाचें हें झालें. आपल्या घरांचें काय? एकत्र कुटुंबांत चुकांची आठवण फार दीर्घ असते. पण ती कशाची असते, हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. चूक कोणी केली, हें तीन पिढ्या पाठ असतें. ती कशी झाली, हें दुसऱ्या वर्षींच कोणास सांगतां येत नाहीं. सणावारीं पंगत बसली कीं जुना प्रसंग निघतो, एक नांव उच्चारलें जातें, सगळे हंसतात किंवा उसासा टाकतात, आणि ज्याचें तें नांव तो खालीं मान घालून भात कालवीत राहतो.

आमच्या शेजारीं असें एक मोठें घर होतें. शेती पुष्कळ, एका चुलीवर बावीस माणसें. १९७४ सालीं त्या घरांतील थोरल्या पुतणीस जबलपूरचें एक स्थळ सांगून आलें. मी तेव्हां शाळकरी पोर होतों. घरच्या थोरल्या काकांचे एक बालमित्र जबलपुरास नोकरीस होते. काकांनीं त्यांस पत्र घालून चौकशी केली, उत्तर अनुकूल आलें, आणि मार्गशीर्षांत लग्न लागलें. मुलगा दारूच्या आहारीं गेलेला निघाला. चौदा महिन्यांनीं मुलगी माहेरीं परत आली, ती कायमची. पुढें ती शिकली, शिक्षिका झाली, आपल्या पायांवर उभी राहिली. पण घरांत “मोठ्या काकांनीं पोरीचें वाटोळें केलें” हें वाक्य कायम झालें. तोंडावर कोणी बोलत नसे. काकांनीं मात्र त्या दिवसापासून घरच्या कोणत्याही कार्यांत मत देणें सोडलें. विचारलें तर म्हणत, “तुम्ही ठरवा.”

दुसऱ्या पुतणीच्या वेळीं घरानें फार सावधगिरी घेतली. जबलपूर नको, रायपूर नको, नागपूरच्या पलीकडे पत्रिका दाखवावयाची नाहीं, असें ठरलें. तीन ज्योतिष्यांकडून पत्रिका जुळविली. आणि मग नागपूरच्या एका आप्तास पत्र घालून घराण्याची चौकशी केली! मुलगा सुदैवानें चांगला निघाला. घरांतील मंडळी समाधानानें म्हणूं लागलीं कीं, ठेच लागल्यावर आम्ही शहाणे झालों. मी पुढें शिक्षक झाल्यावर हा प्रसंग मला वरचेवर आठवे. रीत चूक आणि उत्तर बरोबर, अशी वही हातीं आली म्हणजे मला चुकलेल्या उत्तरापेक्षां अधिक भीति वाटे. कारण त्या मुलास आतां कांहीं सांगण्याची सोय उरत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं त्या घराची वांटणी झाली, आणि माळ्यावरील पेट्या खालीं आल्या. एका पेटींत जुनीं पत्रें निघालीं. थोरली पुतणी त्या दिवशीं तेथेंच होती; तीही माझ्यासारखीच सेवानिवृत्त. मी सहज गेलों होतों. काका नव्वदीकडे झुकलेले, कानांनीं अधू, ओसरीवर बाजेवर बसलेले. तिनें जबलपूरचें तें अंतर्देशीय पत्र उघडलें आणि मला वाचावयास दिलें. मित्रानें लिहिलें होतें कीं, आपण विचारल्याप्रमाणें घराण्याची माहिती काढली; घराणें जुनें, अन्नवस्त्रास कमी नाहीं, माणसें मानी आहेत. हें सगळें खरेंच होतें. शेवटीं, कागदाच्या कडेस, वहींत समास असतो तेवढ्या जागेंत, आणखी एक ओळ होती : मुलाविषयीं मला स्वतःला माहिती नाहीं, तरी आपल्यापैकीं कोणी एकदां प्रत्यक्ष येऊन चार दिवस राहून पाहावें.

“हें पत्र तेव्हां घरांत सगळ्यांनीं ऐकलें होतें,” ती म्हणाली. “मींच मोठ्यानें वाचलें होतें. बाबा होते, चारही काका होते, आजोबा होते.” मग ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. म्हणजे त्या वेळीं त्या घरांत सहा कर्ते पुरुष होते, जबलपूर एका रात्रीच्या प्रवासावर होतें, आणि सहापैकीं कोणीही गेला नाहीं. पन्नास वर्षें एका माणसाच्या नांवावर चढलेली ती चूक अशी त्या कडेच्या ओळींत, सगळ्यांच्या नांवानें, बसलेली होती.

ती उठली, बाजेशीं जाऊन बसली, आणि पत्र काकांच्या कानाशीं धरून तिनें ती शेवटची ओळ पुन्हां मोठ्यानें वाचली. म्हाताऱ्यानें ती दोनदां वाचून घेतली. “मोठे काका, तुम्ही एकटे नव्हतां,” ती म्हणाली, “आपल्यापैकीं कोणीच गेलें नाहीं.”

काकांनीं तो कागद हातांत घेतला, चष्म्याजवळ नेला, आणि बऱ्याच वेळानें म्हणाले, “त्या वर्षीं पाऊस उशिरा आला होता. सगळे रोवणीवर होते.”